नक्षीमामांची गच्ची

नक्षीमामांना घरात स्वप्नं पडत नसत. झोप लागायची, चांगली घोरत लागायची, पण अगदी कोरी. स्वप्न पडायचं ते गच्चीवर, उघड्यावर, बाजेवर पडून चांदण्या बघता बघता डोळा लागला तरच. "छताखाली डोकं झाकून जातंय, अम्मा. झाकण लावलेल्या डब्यात वरनं काय पडणार?" असं ते अगदी गंभीरपणे सांगत. सोलापुरात फाल्गुन सरला की भिंती रात्रभर ऊन ओकत राहतात, त्यामुळे गच्चीवर झोपणारा माणूस आमच्याकडे नवलाचा नाही. पण आम्ही वर जायचो वाऱ्यासाठी आणि मामा जायचे स्वप्नासाठी. या एवढ्याशा फरकापायी आमच्या सोसायटीत पुढे दोन उन्हाळे कज्जा चालला.

मामा तेलुगू. उभा जन्म चादरीच्या कारखान्यात नक्षी काढण्यात गेलेला. चौकटीचौकटीच्या कागदावर पेन्सिलीने एकेक घर भरत जायचं आणि त्यातून मोर, कमळ, वेलबुट्टी उभी करायची, हे त्यांचं काम. त्यांनी काढलेल्या मोराखाली कोण कोण झोपत असेल कुणास ठाऊक! निवृत्त झाले, पहिल्या मजल्यावर एकटे उरले, तरी कानावरची पेन्सिल काही उतरली नाही. अंगाने किडकिडीत, चालणं असं की जिन्याने आपल्याला दुखेल म्हणून नव्हे, आपण जिन्याला दुखवू म्हणून जपून चालतात असं वाटावं. बाई दिसली की 'अम्मा'. मी अम्मा, माझी सासू अम्मा, आणि पाळण्यातली शेजारची छकुली तीही अम्माच.

सकाळी पाणी भरायच्या गडबडीत ते खाली फाटकाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "रात्री काय दिसलं?" लोक तब्येत विचारतात, जेवण विचारतात, हे स्वप्न विचारायचे. सुरुवातीला माणसं हसून निघून जात. पण रोज कुणी विचारायला लागलं की आपणही उठल्यावर जरा आठवून बघतो. मला आयुष्यात स्वप्नं लक्षात राहायला लागली ती मामांमुळे. मी एकदा सांगितलं, मी उसाच्या शेतातून बोटीत बसून चालले होते. मामा ऐकत राहिले आणि म्हणाले, "बोट कुठल्या रंगाची?" एवढंच. अर्थ सांगायच्या फंदात ते कधी पडले नाहीत. रंग मात्र विचारल्याशिवाय सोडत नसत.

स्वतःची स्वप्नं ते कागदावर उतरवत. चित्र नव्हे, नक्षी. एकदा मला बोलावून दाखवलं होतं. चौकटींच्या कागदावर जांभळा काठ, त्याच्या आत बारीक पिवळे ठिपके. "हे काय, मामा?" तर म्हणाले, "काल आली ना, ही साडी नेसून आली होती. काठ तेवढा ध्यानात राहिला. चेहरा राहत न्हाय, काठ राहतोय." आली कोण, हे मी विचारलं नाही. भिंतीवर त्यांच्या बायकोचा, नरसम्मांचा, हार घातलेला फोटो होता, आणि सोसायटीत राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्या गेल्या हे सगळ्यांनाच माहीत होतं.

गच्चीला कुलूप लावलं ते आप्पांनी. आप्पा म्हणजे आमचे चेअरमन. अक्कलकोटकडचे, भुसारीचं दुकान, बोलता बोलता कानडीत शिरणारे आणि शेवटच्या मजल्यावर राहणारे. एका संध्याकाळी त्यांची नात गच्चीच्या बुटक्या कठड्यावर चढली. कबुतर बघायला. तिच्या आईने धावत जाऊन फ्रॉक धरला म्हणून बरं. आप्पांनी त्या रात्री जेवण केलं नाही आणि दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला हे एवढं थोरलं कुलूप लटकलं. "एकदा वाचली. पुन्यांदा कोण वाचवणार?" त्यांच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. लेकरंबाळं असलेल्या सगळ्या घरांनी माना डोलावल्या.

मामा आप्पांकडे गेले, बसले, चहा प्याले. म्हणाले, "मला एकट्याला किल्ली द्या. मी काय कबुतर बघायला जात न्हाय." आप्पा म्हणाले, "तुम्हाला दिली की उद्या सगळे मागतील. एन माडोदु?" म्हणजे काय करायचं. हा आप्पांचा पेटंट शब्द. कुठलंही दार बंद करताना ते हेच म्हणत. मामा उठले, दारात चपला घालता घालता म्हणाले, "मग गच्चीला कुलूप, तर माझ्या वर्गणीलाही कुलूप." आम्हाला वाटलं, म्हातारा रागात बोलला. पण त्या महिन्यापासून त्यांनी मेंटेनन्सचा एक पैसा दिला नाही.

याच सुमारास मी सेक्रेटरी झाले. झाले म्हणजे केली गेले. सभा चालू असताना मी चहा बघायला आत गेले होते, बाहेर आले तर सगळे टाळ्या वाजवत होते. तेव्हा मामांना नोटिसा काढायचं पुण्यकर्म माझ्याकडे आलं. मी नोटीस द्यायला गेले की मामा आधी पंखा लावत, पाणी देत, मग चष्मा चढवून नोटीस वाचत. "अक्षर छान हाय तुमचं," म्हणत आणि सही करून माझी प्रत परत देत. पैशाचं नाव नाही. महिने लोटले, व्याज चढलं, लिफ्टची दुरुस्ती अडली. शेवटी सोसायटीने वकील लावला आणि उपनिबंधकांच्या कचेरीत वसुलीचा अर्ज केला.

आता सुनावणीला जायचं कसं? मामांकडे गाडी नाही, रिक्षात त्यांना मळमळायचं. मग मीच त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून न्यायची. म्हणजे सोसायटीच्या विरुद्ध ज्याची तारीख, त्याला सोसायटीची सेक्रेटरीच पोचवणार! आमच्या वकिलांनी कपाळावर हात मारला. "बाई, निदान कोपऱ्यावर तरी उतरवा." पण उन्हात म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यावर उतरवायचं म्हणजे काय? शिवाय मामा रिकाम्या हाताने येत नसत. डबाभर पुळिहोरा, म्हणजे त्यांच्याकडचा चिंचेचा भात, शेंगदाणे आणि कढीपत्त्याचा खमंग. कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर डबा उघडला जायचा आणि मामा, मी, आप्पा, आमचे वकील असे सगळे रांगेने बसून खायचो. एकदा शिपाई पुकारा करायला बाहेर आला आणि गोंधळला. "यात वादी कोण अन् प्रतिवादी कोण?" मामा म्हणाले, "खाणारे वादी, आणणारा प्रतिवादी." शिपाईही हसला आणि हात पुढे करून घासभर घेऊन गेला.

आत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. अधिकारी शांत स्वभावाचे होते. त्यांनी मामांना समजावून सांगितलं, "काका, गच्चीची तक्रार वेगळी, वर्गणी वेगळी. तक्रार असेल तर तिचा वेगळा दावा लावा. वर्गणी थांबवता येत नाही." मामा उभे राहून म्हणाले, "साहेब, उभा धागा वेगळा, आडवा धागा वेगळा. पण कापड एकच की." साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "कापडाचं मला कळत नाही काका, कायद्याचं कळतं. पैसे भरले नाहीत तर फ्लॅटवर बोजा चढेल, मग जप्ती, मग लिलाव. घर जाईल." मामांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते आम्हा कुणालाच उमगलं नाही.

परतताना मी चिडले होते. घर जाईल म्हणतात आणि हा माणूस मागे बसून गुणगुणतोय! गाडी चालवता चालवता मी ओरडलेच, "मामा, तुमच्याकडे पैसे आहेत. मुलगी हैदराबादला चांगली नोकरी करते. एका गच्चीसाठी घर घालवणार?" मागचं गुणगुणणं थांबलं. मग माझ्या खांद्याशी ते बोलायला लागले. माणूस मागे बसून बोलतो तेव्हा त्याचं तोंड दिसत नाही. त्यामुळे ते बोलणं मला आजही कुठून तरी लांबून, वाऱ्यातून आल्यासारखं आठवतं.

"लग्न झालं तवा आमी मागाच्या वस्तीत राहायचो, अम्मा. एक खोली. त्यात माझे आईबाप, भाऊ, अन् शेजारी दिवसरात्र मागाचा खडखडाट. बायकोशी बोलायचं कुटं? ती दिवसभर विड्या वळायची, मी कारखान्यात. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचे, तितं जरा वारं सुटलं की मागाचा आवाज पलीकडं जायचा. तवा ती बोलायची. हळू. दिवसभराचं सगळं. तिला खाली बोलायची सवयच न्हाय. पुढं मोठं घर झालं तरी खाली गप्प, वर गेली की सुरू. आता गेल्यावरबी ती वरच येती. खाली मी लई बोलावलं. न्हाय येत."

मी गाडी बाजूला घेतली. डोळ्यांत धूळ गेली, असं सांगितलं. मग म्हटलं, मामा, हे मी सभेत सांगते, साहेबांना सांगते, लेखी देते. तर ते घाबरलेच. "अर्जात न्हाय लिहायचं! अर्जात लिहिलं की ती लाजंल." आणि मला शपथ घातली. ती शपथ मी पाळली, आणि पाळताना जीव नुसता तुटत होता. सगळी सोसायटी त्यांना हेकट म्हणत होती, आणि हेकटपणाच्या आत काय आहे ते माझ्या एकटीच्या पोटात होतं.

निकाल लागायला आला तेव्हा आमच्या वकिलांच्या ध्यानात एक गोष्ट आली. फ्लॅट मामांच्या नावावर नव्हताच. तो होता नरसम्मांच्या नावावर. घर घेताना निम्मे पैसे त्यांच्या विड्यांचे होते, म्हणून मामांनी हौसेने त्यांचं नाव लावलं होतं आणि त्या गेल्यावर ते बदलायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. मग कागद नव्याने झाले, वसुलीचा दाखला निघाला, फ्लॅटवर सोसायटीचा बोजा चढला, आणि एके दिवशी वसुली अधिकाऱ्यांची माणसं येऊन जप्तीची नोटीस लावून गेली. एक मामांच्या दारावर, एक खाली लिफ्टशेजारच्या फळ्यावर. मोठ्या अक्षरांत: थकबाकीदार, कैलासवासी नरसम्मा.

मामा तेव्हा भाजी आणायला गेले होते. परत आले, लिफ्टशी थांबले, वाचायला लागले. मी जिन्यातून उतरत होते. त्यांच्या हातातली पिशवी हळूहळू खाली टेकली, आणि त्यांनी चपला काढल्या. कशाला काढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर तिचं नाव होतं, एवढंच. मग माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता, तो तेव्हाही चढला नाही. उलट उतरला. "तिनं जन्मात कुणाचं मिठाएवढं उधार ठेवलं न्हाय, अम्मा. शेजारची वाटी आणली तर परत देताना भरून द्यायची. ही थकबाकी माझी हाय. तिचं नाव काढा."

"मामा, कायद्याने तसं..."

"पैसे देतो. सगळे देतो, व्याजासकट देतो. आत्ता देतो. नाव काढा."

आणि खरंच त्याच दुपारी त्यांनी बँकेतली ठेव मोडली. दोन उन्हाळे जे अधिकाऱ्यांना जमलं नाही, वकिलांना जमलं नाही, घर जाण्याच्या भीतीने झालं नाही, ते एका नावाने झालं. पैसे भरले म्हणजे हट्ट सोडला, गच्चीही सोडली, हे त्यांना कळत होतं. अट एकच घातली. फळ्यावरचा कागद आप्पांनी स्वतः काढायचा. आप्पा आले. कागद डिंकाने घट्ट बसला होता. आप्पा ओल्या फडक्याने एकेक कोपरा भिजवत, अक्षर फाटू न देता तो सोडवत राहिले. त्या दिवशी त्यांनी 'एन माडोदु' म्हटलं नाही.

थकबाकी असलेल्याला सभेत मत नसतं. पैसे भरल्यामुळे मामांना ते परत मिळालं, आणि पुढच्या वार्षिक सभेला ते पहिल्यांदाच येऊन बसले. सगळे विषय संपल्यावर उभे राहिले. कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली, जणू देवळात शिरताना काहीतरी काढून ठेवावं तशी. म्हणाले, "कायदा मला पटला. पैसे बाकी ठेवले ही माझी चूक. आता एक सांगतो. माझी बायको वर येती." मागे कुणीतरी फिसकन हसलं. मामा थांबले, आणि मग जे मला शपथ घालून झाकायला लावलं होतं ते त्यांनी स्वतःच सगळ्यांपुढे मांडलं. मागाची वस्ती, विड्या, वारं, सगळं. तिला लाज वाटेल म्हणून घाबरणारा माणूस स्वतःची लाज सोडून बोलत होता. माझी सासू पदराने डोळे टिपत होती.

आप्पा खाली बघत बसले होते. नातीचं काय, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं, आणि तेही खरंच होतं. शेवटी ते म्हणाले, "कठडा बुटका हाय म्हणून कुलूप लावलं. कठडा उंच करू या. पैसे न्हाईत म्हणायची सोय आता राहिली न्हाय. मामांचे आलेत की." सभेने एकमुखाने मंजुरी दिली. आमच्या सोसायटीत एकमुखाने मंजूर झालेला हा मला आठवणारा एकमेव ठराव. छातीइतकी भिंत, वर जाळी. पाडव्याला, म्हणजे मामांच्या उगादीला, आप्पांनी कुलूप काढलं आणि मामांची बाज लिफ्टमध्ये मावेना तेव्हा एक बाजू स्वतः धरून जिन्याने वर नेली.

तो उन्हाळा आम्ही बरेच जण वर झोपलो. लांबवर तळ्याचं पाणी लुकलुकायचं, कुठल्या तरी वस्तीतून मागाचा आवाज यायचा नि वाऱ्यासरशी जायचा. मामांची बाज टाकीच्या पलीकडे, जरा एकीकडे. आम्ही मुद्दामच तिकडे अंथरूण टाकत नसू. पहाटे मामा गुंडाळलेली वळकटी काखेत मारून उतरायला लागले की मी नुसती नजरेने विचारायची, आणि ते मान हलवायचे. न्हाय. रोज तेच. चैत्र गेला, वैशाख गेला. माझाच धीर सुटला. "मामा, एवढं केलंत, आणि त्या आल्याच नाहीत?" मला रडूच फुटलं. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडताव कशाला, अम्मा? नावाचं तसं झालं, ती जरा रुसली असंल. यील तवा यील. मी वाट बघायलोय की. वाट बघायलाबी जागा लागती. ती तुमी दिली."

त्या पावसाळ्यात मामा घरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगी येऊन हैदराबादला घेऊन गेली. रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी मला गच्चीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या बाजेची काळजी घ्यायला सांगितली, आणि आप्पांना, नातीला जपायला. मग ते परत आलेच नाहीत. हिवाळ्यात मुलीचा फोन आला तेव्हा तिने बोलायच्या आधीच मी ओळखलं.

ती सांगत होती. शेवटच्या दिवसांत वडील फारसे बोलत नव्हते. उताणे पडून छताकडे बघत. एका दुपारी त्यांनी विचारलं, "वर काय हाय?" ती म्हणाली, "वर दुसऱ्यांचा फ्लॅट आहे, नाना." तेलुगूत बापाला नाना म्हणतात. "त्याच्या वर?" "त्याच्या वरही फ्लॅटच." असे एकेक मजला चढत ते वर गेले. दम लागावा तसे मध्ये थांबत, पुन्हा विचारत. ती प्रत्येक मजल्याचं उत्तर देत गेली. शेवटी ती म्हणाली, "त्याच्या वर गच्ची आहे, नाना."

मामांनी विचारलं, "कुलूप हाय?"

त्या इमारतीच्या गच्चीला बारा महिने कुलूप असतं. ती म्हणाली, "नाही नाना. उघडी आहे."

मग त्यांनी डोळे मिटले.